पाण्यात उभी राई

महाराष्ट्राच्या अगदी दक्षिण टोकाला, गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमांच्या बेचक्यात दोडामार्ग तालुका आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात, हेवाळे-बांबर्डे नावाचं गाव आहे, आणि त्या गावात जेमतेम अडीच हेक्टरांचं एक जंगल आहे. एकरांत सांगायचं तर सहा-साडेसहा. कोकणात एखाद्या बऱ्यापैकी बागायतदाराची काजूची बाग याहून मोठी असते. या जंगलातली झाडं बारा महिने ओलं राहणाऱ्या चिखलात उभी आहेत. त्यांची मुळं जमिनीतून वर येतात, वळतात आणि पुन्हा जमिनीत जातात. वनशास्त्रात अशा जंगलाला ‘मायरिस्टिका स्वॅम्प’ म्हणतात, म्हणजे जायफळाच्या कुळातल्या झाडांचं गोड्या पाण्यातलं पाणथळ जंगल. भारतात असलं जंगल पश्चिम घाटात केरळपासून वर तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं आहे. त्या तुकड्यांच्या माळेच्या उत्तरेकडच्या टोकाशी दोडामार्गातली ही राई आहे.

दोडामार्गात शिरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना आज जे हिरवं दिसतं, त्याने फसू नये. काजू तर जुनाच. त्याच्या जोडीला गेल्या काही दशकांत रबर आणि अननस आले. केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी इथे जमिनी घेतल्या, डोंगरउतार साफ केले आणि एका रांगेत, एका वयाची, एका जातीची झाडं लावली. बुंध्यावर तिरपी खाच आणि खाली चीक झेलणारी वाटी, असं ते दृश्य आता इथल्या माणसाच्या सवयीचं झालं आहे. सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे, त्यामुळे ते विकलं जातं आणि तोडलंही जातं. मालकाला त्यातून पैसा मिळतो, त्याचं घर चालतं, मुलं शिकतात. यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. पण रबराच्या त्या सावलीत पक्ष्यांचा आवाज किती कमी असतो, हे थोडा वेळ थांबलं तरी कळतं.

राईत शिरलं की आधी प्रकाश बदलतो. झाडं पंचवीसेक मीटर उंच, पानं वीत-दोन वीत लांब, जाड आणि वरून चकचकीत. वरचं छप्पर इतकं घट्ट की भर दुपारीही खाली संध्याकाळ वाटावी. मग पायाखालची जमीन बदलते. पालापाचोळ्याखाली काळा, मऊ चिखल लागतो आणि त्यातून पाण्याच्या बारीक धारा वाट काढत असतात. व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी या सपाट जागेत आलं की पसरतं, रेंगाळतं आणि संथपणे पुढे जातं. या संथपणामुळेच हे जंगल घडलं आहे.

साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. साध्या झाडाची मुळं अशा मातीत गुदमरतात आणि कुजतात. आंब्याच्या आळ्यात पाणी महिनोन्महिने साचू दिलं तर काय होतं, हे कोकणातल्या कोणत्याही माणसाला ठाऊक आहे. मायरिस्टिका मॅग्निफिका या इथल्या मुख्य झाडाने त्यावर आपला उपाय काढला. बुंध्याच्या खालच्या भागातून त्याला आधारमुळं फुटतात आणि तिरपी होऊन चिखलात उतरतात, त्यामुळे भुसभुशीत जमिनीतही झाड उभं राहतं. शिवाय चिखलातली मुळं ठिकठिकाणी वर उसळतात आणि दुमडलेल्या गुडघ्यासारखी बाक घेऊन पुन्हा खाली जातात. हवेत राहणाऱ्या त्या बाकाच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. त्यांतून हवा आत जाते आणि खालच्या मुळांपर्यंत पोहोचते. खाडीकाठच्या तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं कोकणी माणसाने पाहिलेली असतात. तिथे खारं पाणी आणि भरती-ओहोटी, इथे गोडं पाणी आणि डोंगराचा पायथा. दोन वेगळ्या कुळांतल्या झाडांनी एकाच अडचणीवर जवळजवळ सारखी वाट शोधली आहे.

झाडाच्या सालीला जखम झाली की तांबडा चीक येतो. हा तांबडा चीक जायफळाच्या सगळ्या कुळाची खूण आहे. आपल्या स्वयंपाकघरातलं जायफळ आणि जायपत्री मात्र मूळचं इथलं नव्हे, ते मोलुकास बेटांतलं झाड. कोकणात आता नारळी-पोफळीच्या बागांत त्याची लागवड होते आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’सारख्या त्याच्या जातीही काढल्या आहेत. पण त्याचे सख्खे भाऊबंद पश्चिम घाटात आधीपासून आहेत. मसाल्याच्या दुकानात मिळणारी रामपत्री म्हणजे मायरिस्टिका मलबारिका या रानटी झाडाच्या बीभोवतीची लाल-केशरी जाळी. मायरिस्टिका मॅग्निफिका त्याच घरातली, पण पाण्यावाचून न जगणारी. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या शाखांपैकी ही एक शाखा. एकेकाळी बऱ्याच मोठ्या भागात पसरलेल्या पाणथळ जंगलांचे हे उरलेले तुकडे असावेत, असं अभ्यासक मानतात.

या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. फुलं बारीक, झाकल्यासारखी, सहज नजरेला न पडणारी, आणि परागीकरण करणारे किडेही तसेच बारीक. दोन्ही लिंगांची झाडं पुरेशा संख्येने आणि एकमेकांच्या आवाक्यात असतील, तरच फळ धरतं. मोठ्या अरण्यात याची काळजी करावी लागत नाही. अडीच हेक्टरांत मात्र एका वादळाने चार-सहा मोठी झाडं पाडली आणि ती नेमकी एकाच लिंगाची निघाली, तर पुढच्या पिढीचा प्रश्न उभा राहतो. लहान राखीव जंगलांचा हा मोठा धोका, आणि तो कुंपण घालून टळत नाही.

फळ पिकलं की त्याचं जाड कवच उकलतं आणि आत लाल जाळीत गुंडाळलेलं मोठं बी दिसतं. ही जाळी धनेशाला हवी असते. धनेश बी गिळतो, जाळी पचवतो आणि बी उलटी करून दुसरीकडे टाकतो. दोडामार्गाच्या या पट्ट्यात मलबारी राखी धनेश, मलबारी कवड्या धनेश आणि महाधनेश असे तिन्ही आढळतात. कोकणात कुठे त्याला ककणेर म्हणतात, कुठे माडगरुड. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि विष्ठेने व लगद्याने ढोलीचं तोंड लिंपते. उरते फक्त एक चिंचोळी फट. त्या फटीतून नर तिला आणि पिल्लांना आठवड्यांमागून आठवडे भरवतो. अशी ढोली जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातच मिळते. ती राईतच असेल असं नाही. राईतल्या झाडाचं बी पसरवणारा पक्षी गावाबाहेरच्या किंजळीवर किंवा जुन्या आंब्यावर वाढतो, आणि ते झाड कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं.

सगळ्या बिया धनेशाच्या वाट्याला येत नाहीत. ज्या खाली पडतात त्यांना खेकडे भेटतात. केरळातल्या अशाच पाणथळ जंगलांत खेकडे पडलेल्या बिया ओढून नेत असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. काही बिया ते खाऊन संपवतात आणि काही जागा बदलून पडून राहतात. या बियांना वेळ फार थोडा असतो. धान्यासारखं वाळवून कणगीत भरावं असलं हे बी नाही, ते वाळलं की मेलं. ओल्या चिखलात लवकर पडलं आणि पाण्याची पातळी कोंबाला मानवेल इतकी राहिली, तरच रोप उभं राहतं. पाणी फार झालं तर कोंब बुडतो, कमी झालं तर बी सुकतं. म्हणून बियांची पेढी भरून ही जात पुढच्या शतकासाठी जपता येत नाही. तिला जपायचं तर ती उभी आहे ती जागा जपावी लागते.

खाली चिखलाकडे लक्ष द्यावं. गोड्या पाण्यातल्या कुर्ल्या, डबक्यांतली भिंगुळं, पानांखाली दडलेले बेडूक, झिरपत्या काठावर बसलेल्या टाचण्या आणि चतुर. ओळखीच्या झाडांत भेडले माड, सीता अशोक, सुरंगी आणि काठाकाठाने केवडा. दोडामार्ग-गोव्याच्या या ओल्या जंगलांत मलबार ट्री निंफ नावाचं मोठं, पांढरट पंखांवर काळे ठिपके असलेलं फुलपाखरू दिसतं. झाडांच्या मधल्या उंचीवर ते इतकं सावकाश तरंगत जातं की नजर हलवावी लागत नाही. कर्णा आणि तिबोटी खंड्या हे दोन्ही या पट्ट्यातले, दोन्ही सावलीचे पक्षी. चापडा साप फांदीवर वेटोळं घालून दिवसच्या दिवस एका जागी असतो. उडता सरडा एका बुंध्यावरून दुसऱ्या बुंध्यावर तरंगत जातो. हे सगळे जीव पाणथळ राईपुरतेच आहेत असं नव्हे. पण मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूचे उतार तापून कोरडे पडतात, तेव्हा ओल मागणाऱ्या जीवांना अशी जागाच आसरा देते.

केरळातल्या अशाच जंगलांतून २०१३ मध्ये शास्त्राला नवी असलेली एक झाडबेडकाची जात जगापुढे आली, मर्क्युराना मायरिस्टिकापॅलुस्ट्रिस. नावाचा उत्तरार्ध याच पाणथळ जंगलांचा. पूर्वार्ध गायक फ्रेडी मर्क्युरीच्या नावावरून, कारण त्याच्या बालपणाची बरीच वर्षं पश्चिम घाटात, आपल्या पाचगणीच्या शाळेत गेली. बेडूक केरळातला, पण त्याच्या नावात सातारा जिल्ह्याचा एक धागा गुंफला गेला आहे.

* * *

या जंगलांची शास्त्रीय ओळख तशी अलीकडची. १९६० मध्ये कृष्णमूर्ती यांनी जुन्या त्रावणकोरच्या सदाहरित वनांतल्या मायरिस्टिका पाणथळींचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी भारतातल्या वनप्रकारांची जी वर्गवारी केली आणि जी आजही वनखात्यात प्रमाण धरली जाते, तिच्यात या जंगलाला स्वतंत्र स्थान मिळालं. उत्तर कन्नड जिल्ह्यात काथळेकानसारख्या ठिकाणी सुभाष चंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाणथळी शोधून अभ्यासल्या. त्याच काथळेकानच्या नावाने सेमेकार्पस काथळेकानेन्सिस हे बिब्ब्याच्या कुळातलं अतिदुर्मीळ झाड ओळखलं जातं. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबर इथली निरंकाराची राई नव्वदच्या दशकात अभ्यासकांच्या नजरेत आली. त्यानंतर बरीच वर्षं या जंगलाची उत्तरेकडची हद्द गोव्यातच संपते असं धरलं गेलं. २०१८ मध्ये श्रीधरन आणि इंदुलकर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये हेवाळे-बांबर्डे इथल्या पाणथळीची नोंद प्रसिद्ध केली आणि ही हद्द महाराष्ट्रात सरकली. पुढे याच तालुक्यात कुंब्रल गावच्या देवराईतही असंच जंगल असल्याचं समोर आलं.

ही सगळी ठिकाणं एकापुढे एक ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. बांबरची राई निरंकार देवाची. बांबर्ड्याची राई देवाची, कुंब्रलची देवाची. उत्तर कन्नडातही अशा कित्येक पाणथळी देवांच्या रानांत सापडल्या. हा योगायोग म्हणता येणार नाही. डोंगराच्या पायथ्याची, बारमाही पाण्याची सपाट जागा म्हणजे शेतकऱ्याला सगळ्यांत हवीहवीशी जमीन. तिथे पावसाळी भात होतं आणि पाणी टिकत असल्याने वायंगणही घेता येतं. भात नको असेल तर पोफळी लावाव्यात, गोव्यात कुळागर करावं. केरळापासून कोकणापर्यंत बहुतेक पाणथळ जंगलांचं हेच झालं. शेतं आणि पोफळीच्या बागा यांच्या खाली ती गेली. उरली तिथे, जिथे कुणीतरी आधीच येऊन बसलं होतं आणि त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती.

दक्षिण कोकणात गावाचा राखणदार हा दूरचा देव नसतो. त्याला गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात, वर्षाचा मान देतात, चुकलं तर माफी मागतात. त्याच्या राईत कोयता न्यायचा नाही, पायताण घालून शिरायचं नाही, पडलेलं लाकूडसुद्धा घरच्या चुलीला लावायचं नाही. गावागावांत हे नियम थोडे वेगळे, पण मूळ एकच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा या नियमांचं संवर्धनाच्या दृष्टीने असलेलं मोल त्यांनी पहिल्यांदा नीट मांडलं. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची देवराई तोडली जाणार होती तेव्हा गावकऱ्यांनीच तिच्यासाठी धाव घेतली आणि या दोघांनी त्यांना साथ दिली. त्या राईतून वाहणारा ओढा गावाला पाणी पुरवत होता, आणि गावाला ते माहीत होतं.

श्रद्धा राईला कायमची पुरेल, असं मला वाटत नाही. कोकणातल्या कितीतरी गावांत मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून देवळांचे जीर्णोद्धार झाले. कौलारू, लाकडी देऊळ जाऊन सिमेंटचा सभामंडप उभा राहिला, आणि त्याच्यासाठी, कधी त्याच्या खर्चासाठी, राईतलीच झाडं पडली. देवाचा कौल घेऊन झाडं तोडता येतात, हे गावांनी शोधून काढलं आहे. देवाला मंडप आवडतो की झाडं, हे विचारायला कुणी उरलं नाही. मुंबई-पुण्यात राहून गावच्या देवळासाठी पैसे पाठवणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा विचारला, तर कोकणातल्या अनेक राया वाचतील.

* * *

बांबर्ड्याच्या राईला देवाच्या जोडीला २०२१ मध्ये कायद्याचा आधार मिळाला. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. हा कायदा अभयारण्याच्या कायद्याहून वेगळा आहे. अभयारण्यात वनखातं येतं आणि गाव बाहेर पडतं. वारसा स्थळात स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करावी लागते आणि गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती देखरेखीत राहते. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या राखलं त्यांच्याच हाती ते ठेवायचं, हा विचार मला पटतो.

पण घोषणेने रेघ आखली ती झाडं उभी आहेत त्या जागेभोवती, आणि हे जंगल जगतं ते त्या रेघेबाहेरच्या पाण्यावर. वर डोंगर आहे, जांभ्याचा सडा आहे. पावसाळ्यात जांभा पाणी पितो आणि उरलेलं वर्षभर ते हळूहळू सोडतो. उतारावरचं रान त्या पाण्याला थोपवतं आणि गाळ अडवतं. मग व्हाळ राईत येतो. या वाटेवर कुठेही बदल झाला की राईला कळतो. वरच्या अंगाला उतार साफ करून चर खणले, तर पावसाळ्यात लोंढा येतो, चिखलावर गाळाचा थर बसतो आणि हवेसाठी वर आलेली मुळं गाडली जातात. पाट काढून किंवा पाइप टाकून व्हाळ वळवला, बाजूला विंधणविहीर खणली, तर मे महिन्यात राई कोरडी पडते. एक उन्हाळा मोठी झाडं सोसतील. त्या वर्षाची रोपं मात्र जातील. असे दहा उन्हाळे आले तर राई उभी दिसेल, पण तिच्यात म्हातारीच झाडं असतील.

वरचं खाली कसं येतं याचा धडा दोडामार्ग तालुक्याने फार महाग घेतला आहे. २०२१ च्या जुलैत कळणे इथल्या लोहखाणीचा बांध फुटला आणि मातीचा लोंढा खालच्या शेतांत, बागांत घुसला. ते गाव वेगळं आणि कारणही वेगळं, पण उतारावर काय करू द्यायचं हे ठरवताना खालच्या माणसाला विचारलं जात नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

आजूबाजूचा प्रदेश अजून पूर्ण गेलेला नाही, म्हणून हे लिहायचं. तिलारीचं जवळपास साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचं क्षेत्र २०२० मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. सावंतवाडी-दोडामार्ग हा वाघांच्या येण्याजाण्याचा पट्टा आहे आणि २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्तीही इथे आहेत. त्या हत्तींनी केळी आणि माड किती झोपवले, हे इथल्या शेतकऱ्याला विचारावं. त्याचा राग खरा आहे आणि भरपाई वेळेवर मिळणं हा त्याचा हक्क आहे. तिलारी नदी गोव्यात गेली की शापोरा होते, तिच्या काठांवर पाणमांजरं आहेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बंधन घातलं होतं आणि २०२४ मध्ये पंचवीस गावांचा हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले. न्यायालयाला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, यातच शासनाची इच्छा किती आहे ते दिसतं.

राई टिकवण्यासाठी करायचं पहिलं काम सोपं आहे आणि फार पैशांचं नाही. वारसा स्थळाची रेघ झाडांभोवती न ठेवता व्हाळाच्या पाणलोटाभोवती न्यावी. वरचे मालक आहेत त्यांची जमीन हिसकावून घेऊ नये. उतारावरचं मूळ रान न तोडण्याबद्दल त्यांना दरवर्षी मोबदला द्यावा, रबराच्या उत्पन्नाशी निदान थोडीफार बरोबरी करणारा. ढोल्यांची जुनी झाडं ज्यांच्या सातबाऱ्यावर आहेत त्यांची यादी गावच्या जैवविविधता नोंदवहीत करावी आणि त्या झाडांचंही भाडं मालकाला मिळावं. बी टिकत नाही म्हणून गावातच, व्हाळाच्याच पाण्यावर, रोपवाटिका असावी आणि पडलेलं बी ताजं असतानाच त्यात लावलं जावं. व्हाळाच्या खालच्या अंगाला पडीक झालेले मळे कोकणात आता ठिकठिकाणी आहेत, कारण भात करायला माणसं नाहीत. एकेकाळी राईकडून घेतलेल्या अशा एखाद्या ओल्या मळ्यात ही रोपं पुन्हा लावून पाहता येतील. सत्तरीतल्या बांबरची आणि दोडामार्गातली राई यांचा अभ्यास राज्यांच्या हद्दी विसरून एकत्र व्हावा, कारण धनेश पत्रादेवीच्या सीमानाक्यावर थांबत नाही.

आणि वाचकांसाठी एक विनंती. हा लेख वाचून गाडी काढून राईत जाऊ नका. अडीच हेक्टरांच्या चिखलात शंभर माणसांचे पाय फिरले तर मुळं चिरडतात आणि रोपं तुडवली जातात. ज्यांना अशी झाडं पाहायचीच आहेत त्यांनी गावच्या समितीला विचारून, गावच्या माणसाबरोबर, काठाकाठाने जावं. बाकीच्यांनी आपापल्या गावची राई आधी पाहावी, तिच्यातून कोणता व्हाळ वाहतो आणि तो वर कुठून येतो ते शोधावं, आणि पुढच्या ग्रामसभेत त्या डोंगराचा विषय मांडावा.